पुरंदरचा पांगुळगाडा

मी पांगुळगाडा. तीन चाकं, एक दांडी, तळाला एक फळी आणि अंगात एक खोड, एवढाच माझा संसार. खोड अशी, की मी फक्त पुढं जातो. मागं ओढलंत तर जागचा हलत नाही. या खोडीपायी मी ऐंशी वर्षं बोलणी खाल्ली आणि आता म्हातारपणी हिच्यापायीच मला काम लागलंय. ते काम अर्धवट टाकून काचेच्या पेटीत जाऊन बसायचं का, यावरून मध्यंतरी घरात चांगलीच जुंपली. सगळे बोलले. मला कुणी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

जन्म माझा पुरंदर किल्ल्यावरचा. दुसऱ्या लढाईचे दिवस होते. हिंदुस्थानात जर्मन म्हणून जी माणसं सापडली त्यातली बरीच इंग्रजांनी धरली आणि काहींना गडावरच्या जुन्या बराकीत आणून ठेवलं. हिंडाफिरायची मुभा होती, पण गडाखाली उतरायची नाही. त्यांतच एक कुर्टसाहेब होता. हा मुंबईत घड्याळं दुरुस्त करायचा. स्वतःच्या देशातल्या राज्यकर्त्यांच्या भीतीनं पळून इकडं आलेला, आणि इकडं जर्मन म्हणून पुन्हा धरलेला.

"म्हंजी तिकडनं हाकलला आन् हितं कोंडला," असं म्हणून ठकूबाईनं एका दमात त्याची कुंडली मांडली. ठकूबाई पायथ्याच्या वाडीतली. बराकीतले कपडे धुवायला रोज गड चढायची. पाठीला झोळी, झोळीत वर्षाची पोर. त्या पोरीचं नाव बायडा.

पोर उभी राहायला लागली होती. घरोघर अशा पोराला सुतार गाडा करून देतो, पण वाडीतला सुतार खडकीच्या कारखान्यात कामाला गेलेला. ठकूबाईनं कोळशाच्या तुकड्यानं धुण्याच्या दगडावर माझं चित्र काढलं आणि कुर्टसाहेबापुढं बोट नाचवलं. "असा गाडा. पोर धरतंय, ढकलतंय, चालतंय. जमंल का?"

साहेबानं मान हलवली. पण त्यानं पांगुळगाडा उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता! मोडक्या खाटेचे सागवानी पाय कापून त्यानं माझं अंग घडवलं. चाकांना बाभळीचं खोड ठकूबाईनं सरपणाच्या मोळीत घालून आणून दिलं. हत्यारं म्हणाल तर एक करवत, एक चाकू आणि काचेचा तुकडा. त्या काचेनं तो मला तासन्‌तास खरवडायचा. पोरीच्या हातात लाकडाचं कुसळ जायला नको म्हणून दांडी स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचा.

आता खोडीचं सांगते... पाहा, ठकूबाईची आठवण निघाली की माझी जीभ तिच्यासारखी वळते! सांगतो. गडावर सपाट जागा ती किती? साहेबाच्या मनात आलं, चढावर हा गाडा मागं घसरला तर पोरीच्या पायावर येईल. म्हणून त्यानं मागच्या दोन्ही चाकांना आतून दाते कोरले आणि वर लाकडाची एक एक जीभ बसवली. गाडा पुढं गेला की जीभ दात्यांवरून टिकटिक करत सरकते, मागं ओढला की दात्यात अडकून बसते. घड्याळातली युक्ती त्यानं माझ्या पोटात घातली. गडावर कोंडलेल्या माणसानं सगळी दुनियाच चढाची धरली, ही त्याची चूक. पोर वाढणार हे मात्र त्यानं बरोबर धरलं, आणि दांडी वर चढवायला दुसरी भोकं पाडून ठेवली.

मजुरी विचारली तर म्हणाला, पोरीला एकदा माझ्यासमोर चालव. बायडा बराकीपुढच्या अंगणात मला धरून चालली. साहेब पायरीवर बसून होता. त्याचीही एक लेक होती, चालायच्या वयाची असताना मागं राहिलेली. पुढं तिचं काय झालं ते त्याला कधी कळलं नाही. तो चष्मा पुसत राहिला आणि बायडा चालत राहिली.

उतरताना दरवाजावरच्या शिपायानं मला अडवलं. उलटा केला, चाक फिरवलं. टिक, टिक, टिक. लढाईचे दिवस! शिपाई चार हात मागं.

"फुटत न्हाई रं मुडद्या," ठकूबाई म्हणाली, "चालतोय!"

लढाई संपली. एक दिवस लॉरी आली, साहेबाला घेऊन गेली. त्याचं पत्र आलं नाही. आलं असतं तरी वाडीत वाचणार कोण होतं?

बायडा मोठी झाली, धायरीच्या महिपतीला दिली. पहिल्या बाळंतपणानंतर माहेरच्या पाळण्याबरोबर मीही सासरी आलो. महिपती शेतकरी गडी, जिभेचा तिखट. पोराला वळवायला त्यानं मला मागं ओढला, मी हललो नाही. पुन्हा ओढला. मग बायकोकडं बघून म्हणाला, "तुझ्या माह्यारचा गाडा तुझ्यावानीच हाय. माघार म्हणून घ्यायचा न्हाई."

"मग पुढं चला की," बायडाबाई म्हणाली. "तुम्हांस्नी कुणी धरलंय?"

तिची तिन्ही पोरं माझ्यावर चालली, भावकीतली आणखी कितीतरी. मला वळवायचं तर उचलून वळवायचं, ही रीत घराला पडून गेली. नंतर बाजारात प्लॅस्टिकचे गोल वॉकर आले, त्यांत पोर नुसतं बसवायचं. मी माळ्यावर गेलो. पुढं धायरीची शेतं गेली, इमारती आल्या, महिपतीही गेला. जुनं घर पाडताना बायडाबाईनं दोनच वस्तू स्वतःच्या हातानं बाहेर काढल्या, एक लोखंडी खलबत्ता आणि एक मी. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझ्या फळीवर मनीप्लँटची कुंडी आली. बारा वर्षं मी कुंडीचा पाट होतो. माणसाचं असं असतं, टाकवत नाही आणि वापरवत नाही, त्या वस्तूवर ते कुंडी ठेवतं.

आता आजची गोष्ट.

बायडाबाईचा नातू चेतन, त्याची बायको अपेक्षा. दोघंही हडपसरला कंपनीत. त्यांची लेक राधा सातव्या महिन्यातच जन्माला आली. काचेच्या पेटीत महिनाभर राहिली, जगली, बोलायला लागली. तीन वर्षांची झाली तरी पाय मात्र ताठ. धरून उभी राहायची, पाऊल टाकायला गेली की मागं कोसळायची. दर गुरुवारी शर्मिलाताई घरी व्यायाम घ्यायला येत. विकतच्या दोन ढकलगाड्या आणून झाल्या होत्या. राधा मागं झुकली की गाडी तिच्या अंगावर यायची आणि दोघी आडव्या. तिसऱ्यांदा ओठ फुटला तेव्हा अपेक्षानं ती गाडी जिन्याखाली नेऊन ठेवली.

त्याच आठवड्यात सलिल नावाचा माणूस आला. युद्धाच्या काळात कोंडलेल्या माणसांनी हातानं केलेल्या लाकडी वस्तू तो गोळा करत होता. पेट्या, बुद्धिबळाचे घोडे, पोरांच्या बाहुल्या. त्यांचं कायमचं दालन पुण्यात उघडायचं होतं. चेतननं कधीतरी माझा फोटो कुठंतरी टाकला होता, तो पाहून हा शोधत आला. पांढरे हातमोजे घालून त्यानं मला कुंडीखालून असा काढला, जसं काही तान्हं बाळ.

"आजी, आपल्याला कल्पना नाही, आपल्याकडे काय ठेवा आहे!"

"मला न्हाई तर कुणाला आसंल?" बायडाबाई म्हणाली. "मी त्याच्यावर चालले हाय."

चेतननं तिला न विचारताच शब्द देऊन टाकला, पुढच्या महिन्यातल्या रविवारी घेऊन जा म्हणून. त्याचंही चुकलं नाही म्हणा. कुंडीखालच्या लाकडाला एवढा मान मिळतोय, कुणालाही वाटेल.

जायचं म्हणून बायडाबाईनं मला धुतलं, पुसलं, तेल लावलं. गुरुवार होता. शर्मिलाताई राधाचे पाय ताणत बसल्या होत्या. बायडाबाईनं मला त्यांच्या पुढ्यातून सरकवला. टिक, टिक. शर्मिलाताईंनी मान वर केली. उठल्या, मला मागं ओढला. मी हललो नाही. जरा जोर केला, तरी नाही.

"आजी, हे कुणी केलं?"

"एका घड्याळवाल्यानं. खोड हाय त्यात, मागं जात न्हाई."

"खोड?" त्या खालीच बसल्या. "अहो, हेच तर हवंय हिला! मागं न येणारी गाडी मी परदेशातून मागवायच्या विचारात होते."

मला सांगा, ऐंशी वर्षं जी खोड म्हणून ऐकली ती गुण निघाली तर काय वाटेल? माझ्या दात्यांना घाम फुटला.

दांडी वरच्या भोकांत चढवली. मी कलंडू नये म्हणून फळीवर लोखंडी खलबत्ता बांधला. राधानं मला धरलं. पाय लटपटले, ती मागं झुकली, सगळं वजन दांडीवर आलं. मी पाय रोवले. ती पडली नाही. मग कितीतरी वेळानं एक पाऊल. टिक.

"वाजलं!" राधा म्हणाली. तिला तो आवाज पुन्हा हवा होता. त्यासाठी पुन्हा पाऊल टाकावं लागत होतं.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ. स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत. बायडाबाई मागं काठी टेकत. "चल गं माझे बाई. घाई न्हाई. पन थांबायचं बी न्हाई." कधी चार पावलं, कधी दोन, कधी नुसतं रडणं. एकदा राधा मागं नाही, बाजूला पडली आणि कपाळावर टेंगूळ आलं. अपेक्षानं तिला उचलून घेतलं आणि मला पायानं भिंतीकडं लोटलं.

"बास आजी. नेऊ दे त्यांना तो रविवारी. मला नाही बघवत."

"तुला बघवत न्हाई म्हणून तिनं चालायचंच न्हाई का?" बायडाबाईचा आवाज चढला. मग तिनं नातसुनेच्या शेजारी बसून तिची ओली वेणी हातात घेतली. "अगं, पडू दे की. पडलेलं पोर उठतंय. उचललेलं पोर कसं उठंल?"

राधानं आईच्या मांडीवरूनच माझ्याकडं हात केला. "मला."

रविवार उजाडला. खाली टेम्पो लागला. दाराची बेल वाजली तेव्हा राधा मला धरून ओट्यापाशी उभी होती. चेतन दार उघडायला निघाला.

"मी," राधा म्हणाली.

ओट्यापासून दारापर्यंत ती कधी गेली नव्हती. चेतन जागच्या जागी थांबला. टिक. टिक. सोफा आला. इथं ती नेहमी बसायची. राधा सोफ्याकडं बघून पुढं निघाली. बाहेर सलिलनं पुन्हा बेल दाबली.

"थांबा की वाईच!" बायडाबाई आतून ओरडली. "दार उघडणारं चालत येतंय!"

मधे फरशीचा एक सांधा वर आलेला. माझं पुढचं चाक अडलं. राधाचे गुडघे वाकायला लागले, तिचे हात माझ्या दांडीवर पांढरे पडले. अपेक्षा धावली. बायडाबाईनं तिचं मनगट धरलं. म्हातारीची पकड, पण सुटेना. मी जीभ दात्यात रुतवून उभा राहिलो. मागं नाही, काही झालं तरी मागं नाही. राधानं पोटानं मला धक्का दिला. चाक सांध्यावरून उतरलं. टिक, टिक, टिक. ती दाराला जाऊन थडकली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. दोन्ही हातांनी! माझी दांडी क्षणभर रिकामी होती.

अपेक्षा खाली बसून ओंजळीत तोंड घालून रडत होती. चेतननं कडी काढली. बाहेर सलिल, हातमोजे घालून तयार. त्यानं राधाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, तिच्या पायांकडं पाहिलं.

"सलिल, सॉरी," चेतन म्हणाला. "मी शब्द दिला होता, पण..."

"अहो, पण पाटी छापून आलीय, पेटी तयार आहे. रिकामी कशी ठेवू?"

"ठेव की रिकामी," बायडाबाई म्हणाली. "आन् पाटीवर लिही, वस्तू कामावर गेली हाय."

सलिल हसला नाही. त्यानं हातमोजे काढून खिशात घातले, गुडघ्यावर बसला आणि राधाला विचारलं, "मला एकदा चालून दाखवशील?" राधा दमली होती. तिनं सरळ "नाही" म्हणून सांगितलं.

दालन उघडलं. चेतन बघून आला. पेटीत माझा फोटो आहे आणि पाटी बायडाबाईनं सांगितली तशीच, फक्त सलिलनं 'हाय'चं 'आहे' केलंय. लोक म्हणे तिथंच जास्त वेळ थांबतात.

मी इथंच आहे, धायरीत, चौथ्या मजल्यावर. एका जिभेला चीर गेली होती. बायडाबाईनं सुताराला समोर बसवून नवी करून घेतली, जुनीच्या बरहुकूम. राधा आता लिफ्टपर्यंत जाते. कधीकधी मला धरायचं विसरते, दोन पावलं तशीच टाकते, मग आठवण होऊन घाबरते आणि मला धरते. ती दोन पावलं मी रोज मोजतो. परवा अडीच होती.

माझी जात अशी, की पोर मला सोडून गेलं की माझं सार्थक झालं. बायडा सोडून गेली, तिची पोरं गेली, ही राधाही जाईल. त्या दिवशी या, खुशाल न्या, पेटीत ठेवा. विनंती एकच. त्या पेटीला कुलूप लावू नका. एखादं पोर आईच्या कडेवरून माझ्याकडं हात करील, त्याला खाली उतरवा आणि माझी दांडी त्याच्या हातात द्या. माझं लाकूड अजून घट्ट आहे.

आता मात्र बोलायला वेळ नाही. सकाळचे नऊ वाजलेत, शर्मिलाताई आल्यात, आणि आज जिन्यापाशी जायचंय.