मास्तरांचा शेरा

पाटीवर दुकानाचं नाव काय आहे, हे रोज येणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. सगळ्यांच्या तोंडी ते मास्तरांचं दुकान. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली, तरी मास्तरांचंच. त्यांची थोरली लेक सकाळी नऊपासून तिथे उभी असते, मापं घेते, कापते, मशीनवरच्या दोघींना कामं लावून देते, आणि लोक तिला मास्तरीणबाई म्हणतात. म्हणजे तिथेही बापाचीच पदवी पुढे चालू.

गेल्या दोन वर्षांत काम दुप्पट झालं होतं. तयार कपड्यांना विटलेली माणसं पुन्हा मापाचे कपडे शिवून घ्यायला लागली होती. चांगलंच झालं की, पण बाई पार मेटाकुटीला आली होती. शिवण्याने नव्हे हो, शिवताना ती कधी थकली नाही. तिचा जीव खाल्ला तो ‘झालं का?’ या दोन शब्दांनी. खडूने रेघ ओढायला घ्यावी, तर फोन, झालं का? कात्री उचलावी, तर मेसेज, झालं का? प्रत्येकाला ती स्वतः उत्तर द्यायची, तारीख सांगायची, आदल्या दिवशी आठवण करायची, ट्रायलला बोलवायची. अर्धा दिवस बोलण्यात जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं कापायचं म्हणून हात धावायचे. उजवा अंगठा सुजून बसला होता. हे असंच चाललं तर वर्षभरात कात्री धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नेमके आत्ताच शाळेच्या वाद्यवृंदाचे चाळीस कोट चालून आले होते. मास्तरांच्या मागे एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलेलं. हो म्हणावं तर हात जाणार, आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. बघून सांगते, म्हणून तिने वेळ मारून नेली होती.

धाकटी बहीण एका कचेरीत संगणकावर काम करायची. ती वर्षभर हात धुऊन मागे लागली होती. वह्यांतली मापं संगणकात चढवू. कपडा शिवून झाला की मशीनवरच्या बाईने नुसतं बटण दाबायचं, गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जाईल. तारखा, आठवणी, ट्रायलची बोलावणी, सगळं परस्पर. ताईने फक्त कापायचं. थोरली सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बाबा प्रत्येकाला स्वतः सांगायचे. झालं, धाकटीचं तोंड बंद. बाबांच्या काळी दिवसाला पाच माणसं यायची आणि आता पन्नास येतात, हे काय थोरलीला कळत नव्हतं? पण तिचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते फार जुनं होतं.

दोघी लहान असताना त्यांचं घर म्हणजे त्या दुकानातल्या कापायच्या टेबलाखालची जागा. शाळा सुटली की दप्तर टाकून तिथे शिरायचं. वरून रंगीबेरंगी चिंध्या पडायच्या, त्यांच्या बाहुल्या व्हायच्या. पत्र्याच्या डब्यांत बटणं रंगाप्रमाणे लावून ठेवायची हे त्यांचं काम, आणि त्याची मजुरी म्हणजे झिजलेल्या खडूचा तुकडा. डोक्यावर कात्रीचा कर्र कर्र आवाज, इस्त्रीखालच्या ओल्या लोकरीचा वास, आणि समोर बाबांचे दोन पाय. पाय स्थिर असले की बाबा कापतायत, एक पाय हलायला लागला की गिऱ्हाईक बोलतंय. अजूनही कधी खाली पडलेली टाचणी उचलायला ती वाकली, की क्षणभर तिला तिथून उठावंसं वाटत नाही.

अठराव्या वर्षी बाबांनी तिच्या हातात मोठी कात्री दिली. त्या कात्रीला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. चौदा वर्षं तिने बापाच्या शेजारी उभं राहून कापलं. आणि एका सकाळी बाबांनी तिच्या हातातून कात्री घेतली आणि म्हणाले, उद्यापासून काज-बटणं बघ. का, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. आदल्याच आठवड्यात तिच्या हातून एक कोट बोटभर कमी कापला गेला होता, त्यामुळे विचारायचं तरी काय? चार महिन्यांनी कात्री परत मिळाली, तीही न बोलता. पण माझा हात बापाला पसंत नाही, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. बाबा गेले आणि ते विचारायची सोयही गेली. तेव्हापासून दुकानातलं बारीकसारीक काम ती दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नव्हती. कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे. दाखवायचं होतं तो माणूस तर फोटोत होता.

शेवटी अंगठ्याने हात टेकले तेव्हा ती तयार झाली. हवं ते कर बाई, म्हणाली. धाकटीने माळ्यावरच्या अकरा वह्या उतरवल्या आणि सहा रविवार बसून एकेक पान चढवलं. पानावर नाव, नंबर, छाती, कंबर, बाही, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. त्या रकान्यात बाबांची पेन्सिल, मुंगीएवढं अक्षर. थोरलीने त्या जुन्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या, माप दरवेळी नव्याने घ्यायचं अशी बाबांचीच शिस्त होती.

गुरुवारी सकाळी थोरलीने फोनचा आवाज बंद केला, तो खणात टाकला आणि कापायला घेतलं. साडेदहाला समोरच्या दुकानातला चष्मेवाला रस्ता ओलांडून आला तो तणतणतच. त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. दुकानाच्या नावाने मेसेज आला होता, ‘आपली मापं आमच्याकडे जपून ठेवलेली आहेत. शेरा: घाई आहे म्हणतो. नसते.’

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. ती काही बोलणार तोवर बँकेतले निवृत्त साहेब दारात. त्यांच्या मेसेजात होतं, ‘पोट आलं आहे. दोन इंच सोडणे. टेपचा आकडा मोठ्याने म्हणू नये.’ वीस वर्षं साहेब गावभर सांगत आले होते, की माझी कंबर कॉलेजात होती तेवढीच आहे, मास्तरांची पँट आहे पुरावा. त्यांच्यामागून कोपऱ्यावरचा केस कापणारा आला, आणि त्याचा मेसेज चष्मेवाल्यानेच हिसकावून मोठ्याने वाचला. ‘फार बोलतो. माप घेताना तोंडात टाचण्या धरणे.’ केस कापणारा दोन मिनिटं गप्प उभा राहिला, आणि हे त्याच्या बाबतीत फारच झालं. मग म्हणाला, तरीच. मास्तर माझ्याशी कधी बोललेच नाहीत, मला वाटायचं माणूस कामात बुडालेला आहे.

आधी साहेबांना हसू फुटलं. मग चष्मेवाल्याला. बघता बघता दुकानात आठ-दहा जण जमले, एकमेकांचे शेरे वाचत, मास्तरांची नक्कल करत, मास्तर टेप गळ्यात टाकून मान कशी तिरकी करायचे ते दाखवत. थोरलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बापाने सगळ्या गिऱ्हाइकांचं झाकलेलं, आणि आपण ते चव्हाट्यावर मांडलं. तिने मनातल्या मनात दुकानाला कुलूपसुद्धा लावून टाकलं.

सगळे पांगल्यावर वाद्यवृंदाचे संगीत शिक्षक आले. उंच, शिडशिडीत गृहस्थ, कायम कोटात. चाळीस कोटांचं काम त्यांनीच आणलं होतं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला. ‘डावा हात बारीक होत चालला आहे. विचारू नये. बाहीत आतून जादा अस्तर घालणे.’

थोरलीने माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं. लहानपणच्या आजारात तो हात गेला होता, आणि जन्मभर लोक आधी त्या हाताकडे बघायचे, असं त्यांनी सांगितलं. या दुकानात कोट शिवायला लागल्यापासून कुणी बघेनासं झालं. त्यांना वाटलं होतं, वयाबरोबर लोकांना समज आली. ते हसले, पण डोळे भरलेले होते.

“तीस वर्षं त्यांनी मला कळूसुद्धा दिलं नाही,” ते म्हणाले. “कोट तुम्हीच शिवायचे. दोन महिने उशीर झाला तरी चालेल, मुलं तोवर शर्टांवर वाजवतील.”

ते गेले आणि धाकटी कचेरीतून सुट्टी टाकून धापा टाकत आली. चेहरा पांढराफटक. थोरलीने सकाळपासूनचं सगळं तिच्यावर काढलं. बाबांनी कुणाला कधी दुखावलं नाही, आणि तुझ्या त्या मशीनने एका सकाळीत गाव दुखावलं, इतकंही म्हणाली. खरं म्हणजे दुखावलं कुणीच नव्हतं, पण रागाला आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? धाकटीने खालमानेने ऐकून घेतलं.

“शेरा एकाच माणसाला पाठवायचा होता ताई,” ती म्हणाली. “माझ्या हातून सगळ्यांना गेला.”

“कुणाला पाठवायचा होता?”

“फोन बघ.”

थोरलीने खणातून फोन काढला, त्याचा आवाज चालू केला. चौसष्ट मेसेज होते. सगळ्यांत खाली, दुकानाच्याच नावाने आलेला एक. ‘आपली मापं आमच्याकडे जपून ठेवलेली आहेत. शेरा: उजवा खांदा उतरला. रात्रंदिवस कापते. थकते, सांगत नाही. काम काढून घेणे.’

धाकटीने पिशवीतून सातवी वही काढून तिच्यापुढे उघडली. शेवटचं पान. बाबांनी वर नुसतं ‘थोरली’ असं लिहिलं होतं, तिचा एक कोट शिवायचा म्हणून घेतलेली मापं होती, आणि तारीख होती कात्री काढून घेतली त्याच्या आदल्या दिवसाची. फोन नंबराची जागा कोरी होती, तिथला नंबर संगणकात धाकटीनेच घातला होता. तोंडावर सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, ती म्हणाली. बाबांचा शेरा तुला बाबांच्या दुकानातूनच यावा, असं वाटलं.

थोरलीने त्या मुंगीएवढ्या अक्षरांवरून सुजलेला अंगठा फिरवला. मग कापायच्या टेबलाखाली वाकली, तिथेच जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. धाकटीही तिच्या शेजारी सरकली. आता जागा दोघींना पुरत नव्हती, गुडघे बाहेर येत होते. बाबा, सांगायचं होतंत की, एवढंच थोरली पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि आपणही कुठे विचारलं, हेही तिला कळत होतं. बाप-लेक दोघं एकाच मातीचे.

तेवढ्यात वर टेबलावरच्या फोनला ठिणकन आवाज झाला. कुणीतरी विचारलं होतं, झालं का? थोरली सवयीने उठायला गेली. धाकटीने तिचा हात धरून ठेवला. पुन्हा ठिणकन वाजलं, गिऱ्हाइकाला उत्तर गेलं होतं: मंगळवारी ट्रायल, पाच वाजता.

“शेऱ्याचा रकाना काढून टाकते,” धाकटी म्हणाली.

“मशीनमधून काढ,” थोरली म्हणाली. “वहीत राहू दे. तो मी लिहीन.”

मग तिने कानामागची पेन्सिल काढली, सातवी वही मांडीवर ओढली आणि बाबांच्या ‘काम काढून घेणे’ याच्या खाली आजची तारीख घालून लिहिलं: काढून घेतलं.