दुकानातलं पुआनदूम

“घडी मोडू नका हं, मुआनापा,” उपा लियाना म्हणाले. “दुकानातली घडी आहे. स्टेजवर झटक्यात उलगडली की कशी उठून दिसेल बघा.”

थानसेयाचे दोन्ही हात डुकराच्या चरबीने माखलेले होते, म्हणून उपांनीच हातातली पिशवी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या खिळ्याला, झाऱ्यांच्या शेजारी अडकवली. पिशवीतून काळ्या कापडाची कड आणि लाल-पिवळे-हिरवे पट्टे डोकावत होते.

“हे ते नाही,” थानसेया म्हणाला.

“हे ते नाही, मला माहीत नाही होय? पण पुआनदूम इथून तिथून सारखंच. मागच्या बाकावरच्याला काय कळतंय?” उपांनी आवाज खाली आणला. चर्चने उपा, म्हणजे मंडळीचे वडील, म्हणून निवडल्यापासून त्यांचा खालचा आवाजही मागच्या बाकापर्यंत पोचायचा. “आणि आज मुलाचा विषय नको. रौप्यमहोत्सव आहे, बाहेरचे पाहुणे आहेत. लोकांना आशा घेऊन घरी जाऊ द्या. कळलं ना, मुआनापा?”

मुआनापा म्हणजे मुआनाचा बाप, तशी मुआनानू म्हणजे मुआनाची आई. आमच्या डोंगरात पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव जवळजवळ निकालात निघतं. त्यामुळे मुलाचं नाव काढू नका, एवढं सांगायलाही उपांना मुलाचं नाव घ्यावंच लागलं. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. ते पाहुण्यांचा चहा बघायला गेले.

थानसेया कॅम्पिंगचा स्वयंपाकी. व्यसन सोडवण्यासाठी चर्चची माणसं पोरांना आणून ठेवतात त्या जागेला आमच्याकडे कॅम्पिंग म्हणतात. तंबू एकही नाही, पण नाव पडलं ते पडलं. स्वयंपाक हे थानसेयाचं वरवरचं काम. त्याचं खरं काम साक्ष देण्याचं. आपण किती खोल पडलो होतो आणि देवाने कसं वर काढलं, हे दर वर्धापनदिनी उभं राहून सांगायचं. या बाबतीत आमचे लोक फार चोखंदळ. थोडंफार पडलेल्या माणसाला टाळ्या मिळतात. तळाला जाऊन आलेल्याला रुमाल निघतात. थानसेया तळाला जाऊन आलेला होता. नंबर फोर म्हणतात त्या पांढऱ्या पुडीसाठी त्याने स्वतःचं पुआनदूम विकलं होतं.

पुआनदूम नवरी स्वतः विणून सासरी आणते. ते पेटीच्या तळाशी ठेवायचं आणि नवरा मेला की त्याच्यावर घालायचं. संसाराच्या पहिल्या दिवशीच शेवटच्या दिवसाची तजवीज; आमच्या बायका व्यवहाराला पक्क्या. ते विकणं म्हणजे जिवंतपणी स्वतःचं कफन विकणं. साक्षीत थानसेया इथे आला की सबंध सभा हुंदका द्यायची, आणि ज्यांनी तो प्रसंग वीसदा ऐकला होता ते आधीपासून घसा साफ करून बसायचे.

तसं कॅम्पिंग म्हणजे सुरुवातीला नुछुंगीआजीचं स्वयंपाकघर होतं. आजी विधवा होती. दोन मुलगे पुडीने नेले, मग ती दुसऱ्यांचे गोळा करू लागली. पोरं अंग मोडून तळमळायची, शिव्या द्यायची, चटईवर ओकायची. आजी त्यांच्या उशाशी बसून भजन म्हणायची आणि भजन संपलं की म्हणायची, “देव त्याचं काम करील. तू ऊठ, कांदे चीर.” आमच्या बायका दर जेवणाला तांदूळ शिजवण्याआधी घरातल्या माणसागणिक एकेक मूठ देवासाठी बाजूला काढतात. गल्लीतल्या त्या मुठींवर आजीची पोरं जगायची. असंच एक पोतं पाठीवर घेऊन आजी पुडीवाल्याच्या दारात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत हलली नाही. तांदूळ त्याच्या ओट्यावर ओतून थानसेयाचं पुआनदूम घेऊनच आली.

आजीच्या काळात पोरं बरी व्हायची किंवा व्हायची नाहीत. उपा सचिव झाल्यावर ती यशस्वी होऊ लागली. हॉल झाला, पाटी लागली, पुआनदूम ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेलं. साक्षही सुधारली. आजीच्या वेळी थानसेया कापड विकायला निघाला तेव्हा त्याची बायको झाइरेमी बाजारात गेलेली असायची. पुढे ती तापाने फणफणली. उपांच्या देखरेखीखाली एका वर्षी ती मरता मरता वाचली. झाइरेमी पहिल्या बाकावर धडधाकट बसून हे ऐकायची.

कापड विकलं त्या वेळी मुआना रांगत होता. तोच पुढे याच कॅम्पिंगमध्ये तीनदा आला. बापाने त्याला पंगतीत बसवून इतरांसारखाच भात वाढला. तिसऱ्यांदा तो पळाला आणि सुमो गाड्यांच्या स्टँडमागे मेलेला सापडला. त्या दिवशी थानसेया दोन डोंगर पलीकडच्या गावी साक्ष देत होता. साक्ष फार छान झाली होती.

तो परत आला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी खड्डा खणून ठेवला होता आणि घर शोकगीतं गाणाऱ्यांनी भरलं होतं. झाइरेमी उठून ऑफिसात गेली आणि तिने काचेचं कपाट उघडलं. उपा म्हणाले, “मुआनानू, ते संस्थेचं आहे.” ती म्हणाली, “विणलंय मी.” कुणा म्हातारीने आठवण करून दिली, अगं ते नवऱ्याचं असतं. “नवऱ्याला लागेल तेव्हा बघू,” ती म्हणाली आणि तिने ते मुलावर घातलं.

या गोष्टीला सहा महिने झाले होते. तेव्हापासून ती हॉलमध्ये गेली नव्हती.

आत्ता ती मागच्या दाराने तांदळाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात आली. आठवड्याच्या मुठी कॅम्पिंगच्या पोत्यात ओतायच्या होत्या. डबा पूर्वीइतकाच भरलेला होता. घरात माणसं दोन उरली तरी ती मुठी तीनच काढायची. तांदूळ गोळा करणाऱ्या बायकांना ते कळत होतं.

तिची नजर खिळ्याकडे गेली.

“हे काय?”

“उपांनी आणलंय. स्टेजवर दाखवायला.”

“आणि तू दाखवणार?”

“मग काय करू? खोली त्यांची, चूल त्यांची. या वयात कुठे जायचं आपण?”

“जायचं तिथे जाऊ. माझ्या बहिणीची डुकरं आहेत, त्यांच्या शेजारी राहू. ती साक्ष तरी मागत नाहीत.” तिने डबा पोत्यात उपडा केला आणि बुडावर चापट मारली. “हे बघ, मुआनापा. ते कापड वर धरून ‘हेच ते’ म्हणालास, तर माझं पोर उघडंच पुरलं असं होईल. मग मला हाक मारू नकोस.”

हॉलमधून ढोल घुमला. थानसेयाने हात धुतले, पिशवी घेतली आणि तो निघाला.

सभा खचाखच होती. सवयीने त्याची जीभ आपसूक चालू लागली. पहिली पुडी, विकलेला रेडिओ, चोरलेली कोंबडी. कोंबडीला लोक दरवर्षी हसत, आजही हसले. मग आजारी बायको आली, पेटी उघडली, आणि पुढच्या बाकावर रुमाल निघाले. थानसेयाने पिशवीतून पुआनदूम काढलं आणि झटक्यात उलगडलं. खरंच उठून दिसलं. एका कोपऱ्यात दुकानाची चिठ्ठी लटकत होती.

उपा खाली बसून ओठांनी पुढचे शब्द म्हणत होते: हेच ते.

“हे ते नाही,” थानसेया म्हणाला. “हे आज सकाळी आणलंय. ते माझ्या मुलाच्या अंगावर आहे. मुआनाच्या.” तो थांबला. “तो इथे तीनदा आला. मी त्याला भात वाढला. तुम्ही मला मुआनाचा बाप म्हणता. मी बाकी काही सांगण्यासारखा माणूस नाही.”

हॉल चिडीचूप झाला. थानसेयाला मात्र वेगळंच काही ऐकू आलं. ‘मुआनाच्या’ म्हणून आपण थांबलो ते जिथे दरवर्षी थांबतो त्याच मापाने थांबलो. आवाज चिरला तोही रोजचाच. पंचवीस वर्षं घासलेला गळा, त्याला दुसरी चाल येत नव्हती. स्टेजवर उभा असूनही पहिल्यांदाच तो साक्ष देत नव्हता, आणि ते फक्त त्यालाच माहीत होतं.

मग एक बाई मोठ्याने रडली. तिच्यामागे दुसरी. कोणीतरी भजन धरलं, ढोल त्यात शिरला आणि सगळा हॉल उभा राहून गाऊ लागला. आमच्याकडे शांतता फार वेळ तशी सोडत नाहीत. पाहुण्यांनी चष्मे पुसले. पायऱ्या उतरताना लोकांनी त्याचे हात धरधरून सांगितलं, “यंदाची साक्ष सगळ्यांत छान झाली.”

तो स्वयंपाकघरात परतला. पोरं पत्रावळी मांडून बसली होती, चुलीवर भाताचा मोठा टोप खदखदत होता आणि तळाला लागल्याचा वास सुटला होता. झाइरेमी हातात डाव घेऊन उभी होती. दार उघडं होतं, त्यामुळे तिने सगळं ऐकलं असणार.

“बोललास,” ती म्हणाली.

“बोललो. पण त्यांना ते...”

मागोमाग उपा आले. थानसेयाने मनातल्या मनात खोली आवरायला घेतली. पण उपांचे डोळे ओले होते आणि चेहरा उजळला होता.

“मुआनापा! मी घाबरलोच होतो. पण काय उंचीवर नेलंत! पाहुणे म्हणतात, असं कुठे ऐकलं नाही.” त्यांनी डोळे टिपले. “आता असं करू. पुढच्या वर्षी हे शेवटीच घ्यायचं. नवीन कापड उलगडायचं आणि म्हणायचं, हे ते नाही. फार प्रभावी आहे ते. आणि मुलाचा एखादा फोटो असेल, लहानपणचा, तर पडद्यावर मागे...”

झाइरेमीने डाव खाली ठेवला.

“फडकं कुठे आहे?” थानसेयाने विचारलं.

“कसलं फडकं?” उपा म्हणाले.

“टोप उतरवायचा आहे. भात लागतोय.”

फडकं दिसेना. थानसेयाने बगलेतलं पुआनदूम काढलं, दुकानाची चिठ्ठी ओढून चुलीत टाकली, कापडाची नीट जाड घडी केली आणि दोन्ही टोकांनी टोपाचे काठ धरले.

“अहो, ते... मुआनापा!”

कापड चरचरलं. लोकर जळाल्यासारखा वास आला. थानसेयाने टोप उचलला, चार पावलं चालत नेला आणि पंगतीच्या तोंडाशी ठेवला. पट्ट्यांवर काजळीचे दोन अर्धगोल उमटले होते आणि मध्ये करपून भोक पडलं होतं. त्याने कापड झटकलं आणि खिळ्यावर, झाऱ्यांच्या शेजारी, फडक्याच्या जागी अडकवलं.

झाइरेमीने झाकण काढलं.

“वाढ,” तो म्हणाला. “वरवरचा वाढ. खालचा आपल्याला ठेव.”