सहावा खण

दिवाळी अंकाचे संपादक बद्रीनाथ सर, त्यांनी कवितेची पार वासलात लावली होती. चार-चार ओळींची सहा कडवी, कवायतीला उभी केल्यासारखी. अंकाचं प्रूफ हातात धरून सुलेखा मुकुंदवाडीतल्या खोलीत उभीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिची कविता छापून येत होती आणि ती तिची वाटतच नव्हती.

शेंद्र्याच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. सहा खणांचा ट्रे समोर घ्यायचा, एकेका खणात एकेक भाग बसवायचा, भरलेला ट्रे पुढे ढकलायचा, रिकामा ओढायचा. तिथे मोबाइल नाही, कागद नाही. मग बाई मनातच कविता जुळवायची. एका खणाला एक ओळ. ट्रे भरला की कडवं संपलं. नवा ट्रे हाताशी येईपर्यंत गप्प. घरी आल्यावर वहीत उतरवायची, तेही सहा-सहा ओळींनी.

ही कविता आईवर होती. देवगाव रंगारीच्या घरात सहा माणसांच्या भाकरी थापणाऱ्या चतुराबाईंवर. शेवटच्या कडव्यात पहिली भाकरी आजीला, दुसरी बापाला, मग दोघा भावांना, पाचवी सुलेखाला. तिथेच कविता थांबायची. सहावी ओळ तिने मुद्दाम लिहिली नव्हती. आई सगळ्यांबरोबर जेवायला बसलेली तिने कधी पाहिलीच नव्हती. आई उपाशी राहत असेल, ही बोच तिला लहानपणापासून होती.

आता तीन कडवी सहाची आणि शेवटचं पाचाचं, अशा तेवीस ओळींना चारने भाग जात नाही. म्हणून सरांनी पदरची एक ओळ घातली होती: 'सहावी खाऊन माउली तृप्त झाली.'

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती सरांच्या घरी धडकली. सर डब्यातले भाजके शेंगदाणे खात बसले होते.

"पान कसं टापटीप दिसतंय बघ," सर म्हणाले. "चाळीस वर्षं शिकवलंय मी. कडवं चार ओळींचंच शोभतं."

"पण सर, तिथं कविता थांबत नाय." तिने डबा ओढला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्ही वाचा, मी मांडते."

सर वाचू लागले. ओळीला एक शेंगदाणा. सहा झाले की ती ते बाजूला सारायची आणि तेवढा वेळ सरांना थांबावं लागायचं. तिसऱ्या कडव्याला सर आपण होऊनच थांबले. चौथ्याला तर ते स्वतःच मांडू लागले. पाच मांडून झाले. सहावा चिमटीत तयार होता.

"पुढची ओळ?"

"नाय सर. आई आमच्यासंग कधी जेवलीच नाय. ती ओळ मी कुठून आणू?"

सरांनी शेंगदाणा परत डब्यात टाकला. माणूस हट्टी, पण मनाचा साफ. लाल पेनाने त्यांनी आपली ओळ खोडली, कडवी पुन्हा सहा-सहाची केली आणि शेवटी समासात लिहिलं, 'इथे एक ओळ कोरी सोडावी.'

अंकाचं प्रकाशन औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयात झालं. चतुराबाई सकाळच्या एसटीने आल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या. सुलेखाने कविता वाचली. पाचवी भाकरी वाढून झाली आणि ती थांबली.

"जेवत व्हते की गं मी!"

सगळ्यांच्या माना वळल्या. चतुराबाई उभ्या राहिल्या होत्या.

"तुम्ही पाची जणं उठून गेल्यावर, चुलीपाशी. शेवटची, तव्यावरली, टम्म फुगलेली. तुम्हाला कुठं मिळाली तसली? लई निवांत जेवायचे. तेवढाच वखत माझा एकटीचा."

वाचनालय हसण्याने दणाणलं. बद्रीनाथ सर तर डोळे पुसत हसत होते. सुलेखाला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग तीही हसत सुटली. इतक्या वर्षांची बोच गेली होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी बसस्टँडवर तिने आईचा अंक मांडीवर घेतला आणि कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं, 'सहावी तव्यावरली, टम्म फुगलेली, तिची एकटीची.' मग आईला वाचून दाखवलं.

चतुराबाईंनी जरा विचार केला.

"वर लोणी असायचं," त्या म्हणाल्या. "ते ऱ्हायलं की."