एका माणसाचं माप

“आधी पाच किलो कांदे चिरायचे,” आचारी म्हणाले.

लेकीने वहीतून मान वर केली. “बाबा, मी एकटी राहणार आहे. बरोबर पलटण येत नाहीये.”

“बरं, मग दोन किलो?”

ती खो खो हसली. आचारी मात्र ओशाळले. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेला माणूस. तीनशे रोग्यांचं जेवण डोळे मिटून रांधेल, पण एकाचं म्हटलं की हात बांधल्यासारखे! घरच्या ओट्यापाशी तर त्यांना कधी जाऊच दिलं नव्हतं. “दिवसभर तिकडे हंडे ढवळता, घरी तरी माणसासारखं बसून खा,” बायको म्हणायची. चिडली की “अहो आचारी” अशी हाक मारायची. तिला जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून बापलेक इस्पितळातून आणलेल्या डब्यावरच जगत होते. मागच्या आठवड्यात आचारी निवृत्त झाले आणि डबा बंद झाला. लेकीला परगावी नोकरी लागली होती. संध्याकाळची गाडी होती.

“पोटापुरत्या चार गोष्टी आल्या की झालं,” ते म्हणाले. “भात, अंडं, कसलंही एक सूप आणि बटाट्याचा रस्सा. बाकी सगळी पाहुण्यांपुढची मिजास.”

पहिल्या तीन गोष्टी तिने भराभर लिहून घेतल्या. चौथीला पेन थांबलं.

“रस्सा मात्र आईसारखा हवा. तुमच्या इस्पितळातला अळणी नको.”

आईसारखा? सव्वीस वर्षं त्यांनी तो रस्सा ओरपला, वाटी पुढे करून पुन्हा मागून घेतला. पण ‘कसा करतेस गं?’ असं एकदाही विचारलं नव्हतं. ‘छान झालाय’ एवढे दोन शब्दसुद्धा कधी तोंडातून निघाले नव्हते. मेलं, काय खर्च होणार होतं? आता तिला विचारावं म्हटलं तर कुठे जाऊन विचारणार?

“करून तर बघू,” ते म्हणाले.

कांदा परतला, उकडलेले बटाटे पडले, पाणी पडलं. लेकीने चमचाभर चाखून नाक मुरडलं.

“पाणचट आहे. आईचा दाट असायचा. शेवटी ती काहीतरी करायची, मी मेलीने कधी लक्षच दिलं नाही.”

“पाणचट कसा राहील? थांब जरा,” म्हणत आचाऱ्यांनी सवयीने कालथ्याखाली दोन बटाटे धरले, पातेल्याच्या कडेला दाबून मोडले आणि ढवळले. रोग्यांच्या रश्श्याला पीठ लावायला डॉक्टरांची मनाई. म्हणून त्यांनीच काढलेली ती युक्ती होती.

तिने पुन्हा चाखलं. चमचा तोंडातच राहिला.

“बाबा, हाच. हाच तो!”

कालथ्याला लागलेला बटाटा बघून आचाऱ्यांना आठवलं. नवं लग्न, रडकुंडीला आलेली बायको, पुढ्यात पाण्यासारखा रस्सा. ‘अगं, दोन बटाटे मोड त्यात,’ असं ते जाता जाता बोलून गेले होते. ते विसरले. ती सव्वीस वर्षं मोडत राहिली.

“तुमचाच की मग हा,” लेक हळूच म्हणाली.

“माझा कसला! मी कधी असा खाल्ला का तिकडे?” ते म्हणाले. “तिच्या हातचाच होता तो.”

पातेल्यात मात्र दहा माणसांचा रस्सा झाला होता. दोन शेजाऱ्यांकडे भांडी भरून गेली. “काय हो आचारी, खानावळ काढलीत की काय?” शेजारच्या काकूंनी विचारलंच.

दुपारी पुन्हा मांडामांड झाली. या वेळी छोटं पातेलं, एक कांदा, तीन बटाटे. चिमटीतल्या मिठाकडे ते बराच वेळ बघत राहिले, मग अर्धं परत डब्यात टाकलं. रस्सा बरोबर एका माणसापुरता झाला. दोघांनी तो एकाच ताटलीत खाल्ला.

बॅग भरून झाल्यावर लेकीने वही उघडली. “हं, सांगा. एका माणसाचं माप.”

“एक कांदा. तीन बटाटे, दोन अख्खे ठेव, एक मोड,” ते म्हणाले. “आणि दोन कागदांवर लिही.”

“दोन कशाला?”

आचारी ओटा पुसत होते. “एक इथं राहू दे,” ते म्हणाले.