उत्तम चालू स्थितीतली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण हे माझ्या मालकांसमोर म्हणू नका. ते मला 'अभिजात' म्हणतात. जुना म्हणजे घरातला फ्रिज. मी उघड्या टपाची अमेरिकन मोटार. लांबी अशी की माझे नाक वळून पुढे गेले तरी शेपूट मागच्या गल्लीत असते. मागे दोन पंख आहेत, उडण्याच्या कामाचे नाहीत. पुढे चकचकीत जाळी आहे, तिच्यामुळे मी सतत हसते आहे असे लोकांना वाटते. मी हसत नाही. मला एका जागी उभे राहवत नाही, एवढेच.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून जहाजाने मी एका दंतवैद्यांकडे आले. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून ते कंटाळत आणि संध्याकाळी माझा टप उघडत. त्यांची पोरे मागच्या सीटवर उभी राहून वारा खात. कोणी आइस्क्रीम सांडे, कोणी ओकतही असे. माझी अब्रू गेली असे मला कधी वाटले नाही.

दंतवैद्य थकले आणि मी लाकडाच्या वखारीत जाऊन पडले. तिथे कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. आताच्या मालकांनी मला तिथून उचलले. त्यांचा धंदा कुलपांचा. त्यांनी मला खरवडले, रंगवले, शोधून शोधून मूळ सुटे भाग बसवले. लोकांनी तोंडभरून कौतुक केले. आणि मग मला कुलूप लागले.

संग्राहकांचा एक नियम असतो, मित्रांनो. मोटार जितकी कमी धावलेली तितकी थोर. म्हणून मालक अधूनमधून माझे इंजिन सुरू करीत, नाडी पाहिल्यासारखे कान लावून ऐकत आणि बंद करीत. प्रदर्शनाला मी ट्रकवर बसून जाई. तिथे पांढरे हातमोजे घातलेली माणसे मला हिरवळीवर ढकलत नेत. असे ढकलत नेऊनच मला 'उत्तम चालू स्थितीतली मोटार' म्हणून चषक मिळाला. मालकांनी तो उंचावला, ढकलणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव गुदमरला.

पुढे एका मोठ्या हॉटेलने मला मागणी घातली. त्यांच्या दर्शनी दालनात चौथरा बांधायचा, माझे इंजिन काढून मला हलके करायचे आणि चाके बोल्टांनी जखडून कायमचे वर उभे करायचे. मालक हरखले. माझी झोप उडाली.

न्यायच्या दिवशी सकाळी मालक मला पुसत असताना मालकीणबाई गॅरेजमध्ये आल्या आणि चपलांसकट थेट स्टिअरिंगमागे बसल्या.

“अगं, चपला काढ. मूळ गालिचा आहे तो.”

“चपलाही मूळच्याच आहेत. चावी द्या.”

“कशाला?”

“गाडी घेताना काय म्हणाला होतात? तळ्यापर्यंत फिरवून आणीन. आजवर हिच्या शेजारी उभी राहून फोटो काढले. आत बसले कधीच नाही.”

“मैल वाढतील गं.”

“माझं वय वाढलं, ते नाही दिसलं कुठल्या काट्यावर. दुपारी हिचं इंजिन काढणार. मग मी काय चौथऱ्यावर बसून हॉर्न वाजवू?”

मालकांनी चावी दिली आणि पुसायचे फडके घेऊन शेजारी बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसे.

मला धडधडत होते. धावायचे विसरले असले तर? इंजिन खोकले, गप्प झाले, पुन्हा खोकले आणि लागले. बाईंनी टप उघडायला घेतला. इतकी वर्षे न हललेले कापड घडीवर टर्रकन बोलले आणि वीतभर चीर पडली. मालकांनी डोळे मिटले.

“फाटलं,” ते म्हणाले.

“ऐकलं मी. फाटक उघडा.”

पहिल्या वळणावर सांधे कुरकुरले, पुढच्याला ब्रेकने ओरडून घेतले. मग रस्ता मोकळा झाला आणि वारा आत शिरला. शाळेची बस शेजारून गेली. खिडक्याखिडक्यांतून हात हलले. काचेवर एक किडा येऊन आपटला. मालकांनी फडके उचलले आणि तसेच धरून राहिले.

“पुसा की.”

“राहू दे. समोर बघ. आणि जरा पळव, रोडरोलर आहे का हा?”

तळ्याला वळसा घालून परतलो तर फाटकाशी हॉटेलचा ट्रक उभा. व्यवस्थापकांनी मला सगळीकडून न्याहाळले, टप चढवायला लावला आणि चिरेत बोट घातले.

“हे फाटलंय.”

“हो ना,” मालक म्हणाले.

“शिवून घ्या. उद्या नेतो.”

“ठिगळाची गाडी दाखवणार पाहुण्यांना? आणि हे मूळ कापड आता जगात मिळत नाही.”

त्याच कापडाचा अख्खा तागा गॅरेजच्या फळीवर होता. बाई शांतपणे त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“खूप शोधलं हो,” त्या म्हणाल्या.

ट्रक रिकामा गेला.

तेव्हापासून आम्ही रोज निघतो. चीर अजून शिवलेली नाही. हॉटेलवाले परत येतील अशी मालकांना धास्ती आहे. मैल वाढल्यामुळे प्रदर्शनवाल्यांनी माझे नाव गाळले. मित्रांनो, तुमच्याही घरी पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्या असतील, खोक्याबाहेर न काढलेली खेळणी असतील. त्यांची निगा राखा, पुसा, तेलपाणी करा. पण त्यांना कामाला लावा. चरे पडतील, पडू देत. आम्हाला चऱ्यांचे दुःख नसते, उभे राहण्याचे असते. आता मला सोडा. आज कोण चालवणार यावर दोघांचे भांडण जुंपले आहे. मला कोणीही चालेल, लवकर ठरवा म्हणजे झाले.