चौघींची शाळा

“मला वाचता येत न्हाई. तुमीच बघा,” म्हणत बंकटने मोबाईल माझ्या टेबलावर आपटला. “कोन हाय त्यो, नाव-गाव काढा. फुडचं मी बघतो.”

काचेला तडे गेलेला तो मोबाईल त्याच्या पोरीचा, सत्यशीलाचा. आणि ही काडी मीच लावली होती.

मी दूध संस्थेचा कारकून. त्या वर्षी दुष्काळाने दूधच आटलं, तेव्हा संस्थेने युसूफ वडगावच्या अलीकडे माळावर चारा छावणी घेतली. आयुष्यभर दुधाचं फॅट काढणारा मी, सकाळ-सकाळ सहाशे जनावरांची हजेरी घेऊ लागलो. कानातल्या बिल्ल्यासमोर मोबाईल धरायचा, टुंग वाजलं की गाय हजर. गैरहजर राहिली की तिचा चारा बंद. बायको म्हणायची, “मास्तर व्हायचं राहिलंतं ना, झाले आता.”

सत्यशीला नववीत होती. आई आणि भाऊ कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले. दोन गाई आणि एका म्हशीजवळ कुणीतरी बसायला हवं, बंकट दिवसभर मजुरीला, म्हणून शाळा सोडून ही बसली. मोबाईल भावाने ठेवलेला, खुशाली कळावी म्हणून. भर दुपारी माणसं-जनावरं उन्हाने मलूल पडलेली असायची आणि ही पोरगी मोबाईलकडे बघून तोंडावर ओढणी दाबून हसायची. एक दिवस नाही, चांगले चार दिवस. आमच्याकडे पोरगी मोबाईलकडे बघून हसली की त्याचा एकच अर्थ निघतो. मीही तोच काढला. जाऊन पोरीला विचारावं, एवढंही सुचलं नाही. मंगळवारी सकाळी बंकटला बाजूला घेतलं आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं, “बंकटराव, पोरीकडं ध्यान ठिवा.” तासाभरात मोबाईल माझ्या टेबलावर होता.

मी तो उघडला. त्यात ना कुणाचे मेसेज होते, ना कुणाचा फोटो. होती ती जपानी चित्रकथा, हिंदीत उतरवलेली. मोठ्या डोळ्यांच्या चार शाळकरी पोरी. पण काही केल्या संगती लागेना. एक पोरगी आधी पोटभर जेवत होती आणि मग डबा विसरला म्हणून रडत होती. पाण्याची मोटार दुरुस्त करायला आलेला खाजामियाँ माझ्या खांद्यावरून डोकावला आणि खो-खो हसला.

“गहिनीनाथभाऊ, उलटं वाचायले तुमी. आमच्या उर्दूवानी हाय हे. उजवीकडून चला.”

उजवीकडून चालू लागलो आणि सगळं सुरळीत झालं. एक पोरगी डबा विसरते. बाकी तिघी तिला एकेक घास देतात आणि शेवटी तिच्याचपुढे सगळ्यात जास्त जेवण जमतं. संपला भाग. पुढच्या भागात चौघी अभ्यासाला एकीच्या घरी जमतात आणि पुस्तकं उघडायच्या आधीच झोपून जातात. तोही संपला. मी आपला पोरगा शोधतोय. एक टकले मास्तर सापडले आणि भिंतीवर बसणारं एक मांजर सापडलं. बस्स.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मला कळून चुकलं होतं की पोरीचा काही दोष नाही. त्याच पावली उठून बंकटला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, अजून एक भाग वाचतो.

त्या कथेत काहीच घडत नव्हतं. कुणी मरत नाही, कुणाचं स्थळ येत नाही, पाणी सुटलं म्हणून कुणाला पळावं लागत नाही. रोज सकाळी चौघी येतात, आपल्या जागेवर बसतात आणि कालचंच भांडण पुढे चालू करतात. उद्याही चौघी येणार, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. बहात्तरच्या दुष्काळात आम्हीही चौघे होतो, चौथीत. मी, हरिबा, आश्रुबा आणि शहादेव. चौघेही आई-बापांबरोबर खडी फोडायला गेलो. शाळा पुन्हा भरली तेव्हा आमच्या ओळीत मी एकटाच बसलो होतो. सत्तावन्न वर्षांचा बाप्या मी, वैरणीच्या गंजीआड बसून जपानी पोरींचा खेळ बघत होतो, आणि हसता हसता माझे डोळे भरून येत होते.

बुधवारी बंकट विचारायला आला. “लागला का तपास?”

“बघायलोय,” मी म्हणालो. “लई हाय.”

मला फक्त त्या चौघींच्या सहलीचा पुढचा भाग वाचायचा होता. त्याने त्या ‘लई’चा काय अर्थ घेतला असेल, हे मला तेव्हा सुचलंही नाही. गुरुवारी तो छावणीत आला नाही. बरं झालं, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी मोबाईल घेऊन मी त्याच्याकडे गेलो. “बंकटराव, पोरगा-बिरगा कोनी न्हाई. शाळंच्या गोष्टी हाईत. पोरगी सोन्यासारखी हाय तुमची.”

बंकट खाली बसला.

“काल तिची सुपारी फुटली,” तो म्हणाला. “पोरगा ऊसतोडीला कोयत्यावर जातो. दिवाळीला लगीन लावून नवरा-बायकूचा एक कोयता धरायचा.”

“अहो, पंधराची हाय ती! गुन्हा हाय ह्यो. मोडा.”

“मोडू? आन् घाई कावून केली ते गावाला काय सांगू? गहिनीनाथभाऊनं सांगितलं म्हनू का? तक्रार करायची तर करा. नाव पोरीचंच जाईल.”

बालविवाह थांबवायचं काम ग्रामसेवकाचं, आणि त्याचा नंबर माझ्याकडे होता. तो मी त्या दिवशी लावला नाही आणि नंतरही लावला नाही. त्याची लाज आजही वाटते.

सत्यशीला म्हशीखालचं शेण काढत होती. मी मोबाईल पुढे केला. तिने हात ओढणीला पुसून तो घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

“तुमी वाचली व्हय, काका?”

“वाचली.”

“आमी बी चौघीच व्हतो,” ती म्हणाली. “एक उसाला गेली, एकीचं लगीन झालं, एक अंबाजोगाईला होस्टेलात हाय. तिनंच धाडली ही. हितं बघा, रोज चौघी येत्यात. एक बी गैरहजर न्हाई.” मग चाचरत तिने विचारलं, “माझी अर्धीच झाली. शेवटाला फुटत्यात का त्या?”

“न्हाई. शाळा संपती, पन चौघी एकाच कॉलेजात जात्यात.”

“लगीन कुनाचं?”

“कुनाचंच न्हाई.”

ती हसली. तोंडावर ओढणी न धरता हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मोबाईलवर बोट फिरवत तिने पानं सरकवली. पानं सरकतच राहिली.

“लई मोठी हाय की. समदी वाचली तुमी?”

“समदी.”

“किती दिस लागले?”

खोटं बोलावं असं मनात आलं. पण जीभ रेटेना.

“तीन,” मी म्हणालो. “मंगळवारपासून कालपत्तर.”

तिचं बोट थांबलं. ती पोरगी हुशार होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, “बरं” म्हणाली, आणि बादली उचलून हौदाकडे गेली.