विहिरीचा डाव

आमच्या मखमलाबादच्या भावकीत वाटणी निघाली की पहिला तुकडा कोणी निवडायचा, हे खंडोबाच्या ओट्यावर वाघ-शेळीचा डाव खेळून ठरायचं. वाघ थोरल्याचे, शेळ्या धाकट्याच्या. पिढ्यानपिढ्या थोरलेच जिंकत आले आणि लोक त्याला देवाचा कौल म्हणत आले. कौल कसला डोंबलाचा! धाकट्यांना खेळता येत नव्हतं, एवढंच.

सत्त्याहत्तर साली बा गेला आणि माझ्या दोन भावांची वाटणी निघाली. थोरला मोतीराम, धाकटा गोरक्ष. जमिनीचे तुकडे दोन, विहीर एकातच. मी मैना, मधली. सटाण्याहून नवऱ्यानं धाडून दिलेली, माहेरच्या पडवीत अंथरूण टाकून राहणारी. मोतीरामदादा माझ्याशी कामापुरतंही बोलत नसे. त्याची बायको साळूबाई माझ्या ताटातल्या भाकरीवर डोळा ठेवून असे. गोरक्ष मात्र गोड बोलायचा.

"आक्के, विहिरीचा तुकडा मला आला, तर बांधाकडचा पट्टा तुझा. खोली बांध, भाजीपाला लाव. कोनाच्या तोंडाकडं बघायचं काम नाय."

माझ्या हक्काचं दार! दुसऱ्या दिवशीच मी चुलीपुढच्या भुईवर कोळशानं पट आखला आणि चिंचोके मांडून बसले. वाघही मीच, शेळ्याही मीच.

वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो, पण पलीकडचं घर रिकामं असेल तरच. वाघांना हलायला जागा उरली नाही की शेळ्या जिंकल्या. इतर गावांत हातातल्या सगळ्या शेळ्या मांडून झाल्याशिवाय पटावरची हलवत नाहीत. आमच्याकडे ती केव्हाही हलवता येते. या सवलतीचा फायदा मात्र कोणी घेत नव्हतं. जो तो पहिल्यापासून मधे घुसून वाघाला घेरायला जायचा आणि शेळ्या खाऊ घालायचा.

मी उलटीकडून सुरुवात केली. वाघ कोंडलेले मांडायचे आणि एकेक चाल मागं घ्यायची. तव्यावर भाकरी करपायची, साळूबाई शिव्या घालायची, माझं डोकं पटातच. एक दिवस ध्यानात आलं, कोपऱ्यातल्या शेळीमागं घरच नसतं, तिला वाघ खाणार कसा? म्हणजे आधी कोपरे धरायचे, त्यांना चिकटून कडा भरायच्या, मग आतली रांग. मधे फट ठेवायची नाही. हातात शेळ्या राखून ठेवायच्या, म्हणजे नको ती शेळी हलवायची पाळी येत नाही. वाघ अंगावर आलाच तर पुढची मागं घ्यायची. मग वाघांनी कितीही येरझाऱ्या घातल्या तरी त्यांची जागा कमीच होत जाते. वाघांकडून मी जीव तोडून खेळले आणि दर वेळी हरले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गोरक्षला शिकवताना मात्र घाम फुटला. त्याला सारखं मधे जायचं असायचं. शेजारची सुलाबाई बघत होती. एकदा हळूच म्हणाली, "मैने, पट्ट्याचं आधी लिहून घे त्याच्याकडनं, मंग शिकव."

मी तिच्यावर उखडलेच. पाठच्या भावाकडून कागद लिहून घेणारी बहीण आमच्यात अजून जन्मली नव्हती. जन्मायला हवी होती.

डावाच्या दिवशी सारी भावकी ओट्यावर चढली. बायका खाली, लिंबाच्या सावलीत. गोरक्षनं कोपरे धरले तेव्हा म्हातारे हसले, आणि कडा भरल्या तेव्हा पटावर वाकले. मोतीरामदादा एकेका वाघावर बोट ठेवून वाट शोधत राहिला. मग "कोंडलं" म्हणाला आणि धोतर झटकत उतरला. हे डोकं कोणाचं, असं कोणीतरी विचारलं. गोरक्षनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. मला हसू आलं. ठेवू दे. मला पट्टा हवा होता.

महिन्याभरानं नाशकात रजिस्टर कचेरीत बहिणीचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. रिवाजच आहे, बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची. गोरक्षनं साडी आणली होती. मी विचारलं, "आन् माझा पट्टा?"

"बाईच्या नावावर जमीन? लोक हसतील आक्के. मी काय तुला उपाशी ठेवनार हाय?"

मोतीरामदादा चमकला. "शब्द दिला व्हता का तू तिला?"

"दादा, वाटनी झाली. माझ्या तुकड्याचं माझं मी बघंन."

सही केली नसती, तर पडवीही गेली असती. मी केली. अंगाची लाही लाही होत होती, पण केली.

बाहेर येऊन पायरीवर बसले. मोतीरामदादा शेजारी येऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा आपणहून बोलला.

"विहीर माझ्याकडं आली असती, तर तिथं जांभळीखाली तुझी खोली घालनार व्हतो. दोरी लावून जागाबी आखली व्हती."

मी विचारलं, "मंग बोलला का नाय, दादा?"

"त्यात काय बोलायचं? बहीन हाय ना तू."

त्याचे वाघ कोणी कोंडले, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं माझी पिशवी उचलली.

"आता माझ्या वाटनीच्या माळावर घालू खोली. पानी तेवढं गोरक्षच्या विहिरीवरनं आनावं लागंल."